काळीपिवळीला दहापैकी चार

एप्रिल लागला की आमच्या पुंडलिकनगरच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. माळ्यावरून कूलर आणि कपाटातून आईची लाल पेनं. कूलरचं समजू शकते. या शहरात कूलरशिवाय उन्हाळा काढायची भाषा कुणी करू नये. पण आई निवृत्त झाली, तिच्याकडं तपासायला आता एक पेपर येत नाही, तरी पेनं निघतातच. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला रेघ ओढून ती एकेक पेन बघते. सुकलेली बाजूला पडतात, चालणारी पेल्यात उभी राहतात. काल संध्याकाळीही तिनं हेच केलं. मी म्हटलं, "आई, आता कुणाला नापास करायचंय?" तर म्हणाली, "असू दे गं. हाताशी असलेली बरी."

कूलरला नवीन गवत लावलं, पहिल्यांदा पाणी सोडलं आणि तो ओला, मातकट वास घरभर पसरला. त्या वासाबरोबर माझं सगळं लहानपण दाराशी येऊन उभं राहतं. इतर पोरांचा एप्रिल सुट्टीचा असायचा, आमच्या घरात तो दुसऱ्यांच्या परीक्षेचा असायचा. आई गणिताची शिक्षिका, वेरूळच्या रस्त्यावरच्या एका गावात. दहावीचे पेपर तपासायला आले की मधल्या खोलीचं दार लागायचं. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे बंद, आमची भांडणंसुद्धा अंगणात. दाराला कान लावला की कूलरच्या घरघरीतून आईचं पुटपुटणं ऐकू यायचं, "पायरीला एक... मांडणीला एक... उत्तर चुकलं, अरेरे." पोरानं रीत बरोबर मांडली असेल आणि शेवटी आकडा चुकला असेल, तर तिला फार वाईट वाटायचं. जेवताना म्हणायची, "सगळा रस्ता नीट आला आणि घराच्या दारात पडला गं एक जण." नाव तिला ठाऊक नसायचं. नाव झाकलेलं असायचं. तरी ती त्याच्यासाठी हळहळायची.

मग सगळे पेपर नियामकांकडं जायचे. परीक्षकानं दिलेले गुण बरोबर आहेत का, हे बघणारा तो नियामक. त्यांना आई घाबरायची आणि त्यांच्यावर रागवायचीही. पुढं ती स्वतः नियामक झाली, तेव्हा इतर शिक्षक तिला घाबरायला लागले. पुरवणी उघडून न बघता गुण देणाऱ्या परीक्षकाला तिनं एकदा असं काही झापलं होतं, की तो गृहस्थ पुढं कित्येक वर्षं रस्त्यात भेटला की नमस्कार करून रस्ता ओलांडायचा.

तिची लेक असून मी निवडलं काय, तर व्हिडिओ गेमची परीक्षणं. मराठीतून लिहिते, बोलते, व्हिडिओ टाकते आणि शेवटी दहापैकी गुण देते. नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे दिवसभर खेळतेस होय?" हो, खेळते. पण एखादा गेम पूर्ण खेळून, तो का आवडला किंवा का डोक्यात गेला हे चार माणसांना पटेल असं सांगणं, हे कांदे निवडण्याइतकं सोपं काम नाही. आणि एवढं सगळं सांगितलं तरी लोक उडी मारून शेवटाला जातात. किती दिले तेवढं सांगा. एवढ्या कष्टानं लिहिलेलं राहतं बाजूला आणि भांडण होतं अर्ध्या गुणावरून. सुरुवातीला मी चिडायचे. आता वाटतं, लोकांचं तरी काय चुकलं? आम्ही सगळे लहानपणी निकालाच्या कागदावर आधी टक्केच बघायचो.

आईनं माझी परीक्षणं पहिल्यांदा सलग वाचली तेव्हा चष्मा काढून मला विचारलं, "तुझ्या वर्गात सगळेच हुशार कसे गं? ह्याला सात, त्याला साडेसात, तो आठवाला. शून्य ते सहा हे आकडे काय शोभेला ठेवलेत?"

मी समजावलं, की आमच्या क्षेत्रात सात म्हणजे बरा, सहा म्हणजे वाईट, आणि त्याखाली गेला तर तो गेलाच.

"मग पस्तीसला पास करणारी आमची पद्धत काय वाईट होती? आणि हे दोन गुण कुठं कापलेस? दाखव मला."

मला दाखवता आले नाहीत. त्या दिवसापासून मी प्रत्येक परीक्षणाखाली कुठला गुण कशासाठी गेला ते लिहायला लागले आणि खालचे आकडेही वापरायला लागले. एका मोठ्या कंपनीनं मला गेम पाठवणं बंद केलं, काही लोकांनी मला शिव्या घातल्या. पण वाचणारे वाढले. कारण त्यांना कळायला लागलं, की ही बाई आठ देते तेव्हा खरंच आठ असतात.

एवढं सगळं सांगायचं कारण गेल्या वर्षीचा एप्रिल. आईचा पेपरांशिवायचा पहिला एप्रिल. मधल्या खोलीचं दार उघडंच, टेबल रिकामं, आणि आई दिवसातून चार वेळा तेच टेबल पुसते आहे. त्याच एप्रिलमध्ये शीतलचा गेम आला.

शीतल आईची विद्यार्थिनी, आणि बबनकाकांची मुलगी. बबनकाका म्हणजे शहर ते वेरूळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारे. वर्षानुवर्षं आई त्यांच्याच गाडीनं शाळेत गेली, मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी. शीतल लहान होती तेव्हा तिच्या मांडीवर दप्तर आणि दप्तरावर आईची पिशवी, असं दोघींचं ठरलेलं. पुढं शीतल शिकली, पुण्यात संगणकाची नोकरी केली, मग ती नोकरी सोडून परत आली आणि तिनं एक गेम बनवला. त्याचं नाव 'चला वेरूळ'. त्यात तुम्ही असता काळीपिवळीचे ड्रायव्हर. बसस्थानकाबाहेर गाडी लावायची, प्रवासी गोळा करायचे, त्यांना नीट बसवायचं आणि दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळला पोचवायचं. दौलताबादच्या जुन्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं समोरच्याशी नजरेनं वाटाघाटी करायच्या. घाटात इंजिन तापलं की प्रवाशांना उतरवायचं. बापाच्या गाडीचा खराखुरा हॉर्न तिनं त्यात घातला होता. तो ऐकला की आई सवयीनं पिशवी उचलायची.

शीतलनं बापाला शब्द दिला होता, की हा गेम चालला तर इथंच राहून पुढचे बनवीन, नाही चालला तर मे महिन्यात पुण्याला जुन्या नोकरीवर परत जाईन. आणि मग गेमविषयीच्या एका मोठ्या संकेतस्थळावर दिल्लीच्या एका नावाजलेल्या परीक्षकाचं परीक्षण आलं. दहापैकी चार.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्या माणसाच्या पहिल्या गेमला असा आकडा पडला, की गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर तो आकडा चिकटून बसतो आणि येणारा माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो. शीतलचा फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बबनकाका आमच्या दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच बसले, पाणी तेवढं घेतलं.

"मॅडम, चार म्हंजी नापासच ना?"

आईनं त्यांच्या हातातला रिकामा पेला पुन्हा भरून दिला.

"पोरीपुढं काय बोललो नाय मी. पण गाडी माझी हाय, सीटा माझ्या, हॉर्न माझा. इतकी वर्सं ह्या रस्त्यावर काढली, कुनी वाईट बोललं नाय. अन् ज्या मानसानं आपलं स्टँड बघितलं नाय, त्यानं मला चार दिले. लई लागलं मनाला."

मला इतका संताप आला होता, की मी तिथंच उठून लॅपटॉप उघडला. म्हटलं, आत्ता लिहिते. माझे वाचक आहेत, मी साडेनऊ देते, बघू कोण काय म्हणतं. आईनं लॅपटॉपचं झाकण हातानं मिटलं.

"नात्यातल्या पोराचा पेपर आपण तपासत नसतो. शीतल तुझी कोण? लहानपणापासून या घरात जेवलीय. आणि माझी तर विद्यार्थिनी. तूही गुण द्यायचे नाहीस, मीही नाही."

"मग काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"त्यानं काय लिहिलंय ते वाच. नीट, एकेक ओळ. मराठीत सांग."

मी वाचायला लागले. पेल्यातलं एक लाल पेन आईच्या हातात कधी आलं, मला कळलं नाही. परीक्षक लिहीत होता, की चित्रं सुंदर आहेत, रस्ता जिवंत वाटतो. पण खेळाडू गाडी सुरू करतो, रिकाम्या गाडीनं वेरूळला पोचतो, वाटेत कुणी बोलत नाही, काही घडत नाही, आणि संध्याकाळी गेम सांगतो की आज डिझेलही निघालं नाही...

"थांब," आई म्हणाली. "रिकाम्या गाडीनं?"

"हो, असंच लिहिलंय."

"त्यानं गाडी भरलीच नाही?"

बबनकाका उंबऱ्यावरून उठून आत आले. "रिकामीच काढली? स्टँडवरनं?"

शीतलला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आईनं विचारलं, "गाडी भरेपर्यंत थांबायचं, हे गेममध्ये कुठं लिहिलंयस?"

शीतल आमच्याकडं बघतच राहिली. "हे लिहायचं असतं, मॅडम? रिकामी गाडी कोण काढतं?"

मग आधी बबनकाका हसले, मग आई, आणि शेवटी शीतल रडता रडता हसायला लागली. आम्ही सगळे ज्या रस्त्यावर वाढलो, तिथं काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही हे कुणी कुणाला शिकवत नाही. दोन वर्षं खपून तिनं वेशीतला एकेक दगड चितारला, घाटातलं प्रत्येक वळण काढलं, आणि ही एक गोष्ट सांगायची राहून गेली, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नाही. मी तो गेम दोनदा खेळले होते. मलाही वाटलं नव्हतं.

त्या दुपारी आईनं आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळला. लॅपटॉप त्या रिकाम्या टेबलावर, कूलर पाठीशी, चष्मा नाकावर. मी म्हटलं, "हे बटण दाबलं की गाडी सुरू होते."

"आताच कशाला? भरू दे की."

आणि ती थांबली. पडद्यावर ऊन हलत होतं. एक जण आला, त्याला मागं बसवलं. अंजिरांची पाटी घेतलेली बाई आली, तिला खिडकी दिली. एक तरुण घड्याळ बघत होता, चुळबुळ करत होता. आईनं त्याच्यासाठी दोनदा हॉर्न वाजवला, म्हणजे आता निघतोच असं त्याला वाटावं. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. बबनकाकांनी खुर्चीतूनच दाद दिली, "व्हय, असंच करायचं!" मधली सीट भरली, मागचे दोन बाक भरले, ड्रायव्हर आत सरकला आणि त्याच्या उजव्या हाताला, दाराशी, अजून एक जण बसला. तेव्हा कुठं गाडीतली माणसं बोलायला लागली.

शीतलच्या गेमचं मर्म तेच आहे. सैल बसलेली माणसं गप्प बसतात. खांद्याला खांदा लागला की पाटीवाली बाई आपल्या सुनेचं सांगते, तरुण कुठल्या मुलाखतीला चाललाय ते कळतं, खुलताबादचे म्हातारे चाचा म्हणतात, "अरे मियाँ, जरा सरको, अपनी भी तो सीट है ना!" आणि मग सगळा रस्ता गोष्टींचा होतो. प्रत्येक खेपेला नवी माणसं, नव्या गोष्टी. काही गोष्टी दुसऱ्या खेपेत पुढं सरकतात. मुलाखतीचं काय झालं हे कळायला त्या तरुणाची परतीच्या गाडीत वाट बघायची. गाडी वेरूळला पोचली, माणसं उतरली. आईनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "अगं, ह्या परीक्षकानं पुरवणी उघडलीच नाही की."

मग तिनं मला अर्ज सांगितला. तुमचं चुकलं असा नाही. तिच्या भाषेत तो गुणपडताळणीचा अर्ज होता. आधी गेमकर्तीची चूक मान्य: सूचना द्यायला हवी होती, ती दिली नाही, त्याचे गुण अवश्य कापावेत. मग विनंती: गाडी पूर्ण भरून एक खेप करावी आणि जे दिसेल त्याचे गुण द्यावेत, कमी किंवा जास्त. मी त्याचं इंग्रजी केलं, शीतलच्या नावानं पाठवलं. चार गुणांविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. मला दोन वाक्यं तिखट घालायची होती, आईनं ती खोडली.

इकडं शीतल गेममध्ये सूचना घालायला बसली. पडद्यावर मोठा बाण काढायचा आणि 'थांबा' असं लिहायचं, असं तिनं ठरवलं. बबनकाकांना ते पटलं नाही.

"स्टँडवर बाण नसतो. तिथं मानूस ओरडतंय. कुनी रिकामी गाडी काढली तर आपल्या मॅडम काय म्हनायच्या? तेच घाल."

म्हणून आमच्या मधल्या खोलीत आईचा आवाज भरला. कूलर बंद करावा लागला, खिडक्या लावाव्या लागल्या, आम्ही चौघं घामानं निथळत होतो आणि आई मायक्रोफोनसमोर उभी राहून वर्गावर ओरडावं तशी ओरडली, "ओ ड्रायव्हर! रिकामी कुठं घेऊन चाललात? भरू दे की!" पहिल्याच वेळी असा खणखणीत आवाज लागला, की शीतलनं दुसऱ्यांदा मागितलाच नाही; त्याच रात्री तिनं तो गेममध्ये चढवला, खाली इंग्रजी अर्थासह. अजून कुणी 'चला वेरूळ'मध्ये घाईनं गाडी काढली, की मधल्या सीटवरून तो आवाज येतो.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. शीतलची बॅग भरून तयार होती. तिनं पुण्यात खोलीही बघून ठेवली होती. आई पेनं तपासायची. मी दर थोड्या वेळानं ईमेल उघडून बघायचे आणि काही नसलं की कुणावर तरी डाफरायचे.

उत्तर आलं ते दुपारी, शीतल आमच्याच स्वयंपाकघरात पन्हं पीत असताना. परीक्षकानं लिहिलं होतं, की आधीचा आकडा पुसण्याची आमच्याकडं पद्धत नाही, पण मी गेम पुन्हा खेळलो, या वेळी गाडी भरून, आणि थांबू शकलो नाही. तुमच्या बाई मला ओरडल्या ते बरं झालं. नवं परीक्षण आज लावतो आहे.

नव्या परीक्षणात गुण होते साडेआठ. त्यात त्यानं सरळ लिहिलं होतं, की मी घाई केली, गेमनं नव्हे. शीतलनं ते वाचलं आणि पेला हातात तसाच धरून किंचाळली. मी किंचाळले. शेजारच्या काकू घाबरून आल्या, तर त्यांनाही मिठी मारून झाली. आईनं फक्त विचारलं, "दीड कुठं कापला?" मी वाचून दाखवलं: अर्धा घाटातल्या अडखळणाऱ्या आवाजासाठी, एक पहिल्या आवृत्तीत सूचना नसल्याबद्दल. आई म्हणाली, "बरोबर आहे. माणूस नीट तपासतो." मग तिनं तोंड फिरवलं आणि ओट्यावरचा आधीच स्वच्छ असलेला तवा घासायला घेतला.

संध्याकाळी गल्लीत तो हॉर्न वाजला. खराखुरा. बबनकाकांनी जीप आमच्या दारात आणली होती आणि मागच्या दोन्ही बाकांवर कलिंगडं बसवली होती, दाटीवाटीनं, एकाला एक टेकून. "पासिंजर आनलेत, मॅडम!" सगळी गल्ली कलिंगड खात होती. शीतलनं बॅग रिकामी केली. पुण्याची खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल.

वर्ष झालं त्याला. खेळणारे वाढत गेले, कुठकुठल्या राज्यांतली पोरं गेममध्ये आईच्या आवाजात 'भरू दे की' म्हणून एकमेकांना चिडवतात. शीतल आता दुसरा गेम बनवते आहे, मधल्या खोलीत, आईच्या टेबलावर. दार लावलेलं असतं. टीव्हीचा आवाज पुन्हा बंद. मी त्या गेमचं परीक्षण करणार नाही, पण दाराला कान मात्र लावते.

आणि गेल्या रविवारी दिल्लीचे परीक्षक स्वतः आले. त्यांना लेणी बघायची होती, पण आधी स्टँड. बबनकाकांची गाडी नंबरात उभी होती. परीक्षक म्हणजे पन्नाशीकडं झुकलेला, उन्हानं लाल झालेला साधासा माणूस. बबनकाकांनी त्यांना आपल्या उजव्या हाताला बसवलं, अर्धे दाराबाहेर. आई मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी. मी आणि शीतल तिच्या शेजारी. मागचे बाक सगळे रिकामे. ऊन असं, की सीट हाताला चटका देत होती. वर्षभरापूर्वी उंबऱ्याशी पाणी पीत बसलेले बबनकाका आरशातून माझ्याकडं बघून हसले, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. गिअर पडला.

परीक्षकांनी झटकन त्यांच्या हातावर हात ठेवला. मान वळवून एकदा मागचे रिकामे बाक बघितले, आणि आईच्याच सुरात, आईच्याच ठसक्यात, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले,

"ओ ड्रायव्हर! रिकामी कुठं घेऊन चाललात? भरू दे की!"

बबनकाकांनी इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवून हसत राहिले. बाजूच्या गाड्यांतले ड्रायव्हर टाळ्या पिटत होते. आईनं पदरानं डोळे टिपले. आयुष्यभर अर्ध्या गुणासाठी हात आखडता घेणारी माझी आई, मग पुढच्या सीटकडं वाकून परीक्षकांना म्हणाली,

"दहापैकी दहा."